झाकणाखालची वाफ

कोबीची किंवा फरसबीची भाजी फोडणीस टाकली, की पातेल्यावर खोलगट ताटली ठेवावयाची आणि त्या ताटलीत फुलपात्रभर पाणी ओतावयाचे, ही महाराष्ट्रातील घरोघरची जुनी रीत आहे. या रीतीमागील कारण सांगणारे फारसे कोणी भेटत नाही; पण तिचा गुण सर्वांना ठाऊक असतो. भाजीत निराळे पाणी घालावे लागत नाही, ती बुडाला लागत नाही आणि लवकर शिजते. ताटलीतील पाणी थंड असल्यामुळे खालून उठणारी वाफ ताटलीच्या तळाला लागताच तिचे पाणी होते व ते थेंबाथेंबाने पुन्हा भाजीत पडते. वाफेने सोडलेली उष्णता ताटलीतील पाण्यास मिळते. आणि भाजीला पाणी कमी पडलेच, तर तेच कढत पाणी हाताशी असते.

अलीकडच्या काळात शहरांतील अनेक घरांत, कार्यालयांच्या उपाहारगृहांत, रुग्णालयांत, महाविद्यालयांच्या वसतिगृहांत आणि तालुक्याच्या गावीही मायक्रोवेव्ह भट्टी दिसू लागली आहे. दुपारच्या सुटीत घरून आणलेला डबा तीत गरम करून घेण्याचा प्रघात आता नवा राहिलेला नाही. तथापि, भाजी कडेला जीभ पोळेल इतकी तापते आणि मध्ये गारच राहते, पोळी वातड होते, भाताची शिते कडक होतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. अशा वेळी भांडे उघडेच आत ठेवलेले असते, असे बहुधा आढळून येते. चुलीवर किंवा शेगडीवर झाकण ठेवण्यास न विसरणारा हात येथे मात्र ते विसरतो. ज्योत दिसत नाही, उकळी ऐकू येत नाही आणि काम दोन मिनिटांत आटोपते. त्यामुळे झाकणाची गरज मनात येत नाही. जेथे ते ठेवले जाते तेथेही भट्टीच्या भिंतींवर रस्सा उडू नये एवढाच हेतू असतो. तो हेतू योग्यच आहे, परंतु झाकणाचे मुख्य कार्य त्याहून वेगळे असून त्याचा संबंध थेट खाणाऱ्याच्या आरोग्याशी पोचतो.

भट्टी, पण आतील हवा गार

या उपकरणाचा जन्म स्वयंपाकघरात झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने टिपण्यासाठी रडार यंत्रणेत अत्यंत लघु लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरी वापरल्या जात. त्या निर्माण करणारी प्रभावी नलिका, म्हणजे पोकळीयुक्त मॅग्नेट्रॉन, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी १९४० मध्ये सिद्ध केली. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत या नलिकांवर काम करणारे पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील चॉकलेट मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना वितळले, ही १९४५ सालची हकिकत प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी स्पेन्सर यांनी एकस्वासाठी अर्ज केला. १९४७ मध्ये बाजारात आलेली पहिली भट्टी माणसाच्या उंचीची आणि तीनशे किलोहून अधिक वजनाची होती. ओट्यावर मावेल अशी घरगुती भट्टी अमेरिकेत विक्रीस येण्यास १९६७ साल उजाडावे लागले.

घरगुती भट्टीतील लहरींची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे २४५ कोटी इतकी असून त्यांची लांबी साधारण १२ सेंटिमीटर असते. अन्नातील पाण्याचे रेणू या लहरींच्या तालावर सतत दिशा बदलू पाहतात, शेजारच्या रेणूंवर आदळतात आणि त्यातून उष्णता उत्पन्न होते. या लहरींनी अन्न किरणोत्सारी होते ही समजूत निराधार आहे. भट्टी बंद होताच लहरीही संपतात. ‘अन्न आतून बाहेर शिजते’ असे जे सांगितले जाते तेही खरे नाही. लहरी अन्नात साधारणतः अडीच ते चार सेंटिमीटर खोलपर्यंतच प्रभावीपणे शिरतात. त्यापलीकडच्या भागास उष्णता मिळते ती बाहेरच्या तापलेल्या थराकडून, हळूहळू आणि नेहमीच्याच मार्गाने.

या ठिकाणी दोन गोष्टी लक्षात घेणे अगत्याचे आहे. पहिली अशी, की भट्टीच्या पेटीत लहरी परावर्तित होऊन एकमेकींत मिसळतात. काही जागी त्यांचा जोर वाढतो, काही जागी तो जवळजवळ नाहीसा होतो. तबकडी फिरती ठेवण्याचे कारण हेच. ती फिरत असूनही अन्नात थंड जागा राहतातच. दुसरी गोष्ट क्वचितच ध्यानात येते. पाव भाजण्याच्या भट्टीत चोहोकडील हवाच तापलेली असते, तर मायक्रोवेव्हमध्ये हवा जवळजवळ गारच राहते. त्यामुळे अन्नाचा पृष्ठभाग एकीकडे तापत असताना दुसरीकडे बाष्प सोडून निवतही असतो. अन्नाचा वरचा थर सर्वाधिक तापलेला असेल हा अनुभवाने बनलेला अंदाज येथे चुकतो.

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण चुलीवरील भातापुरती अगदी खरी आहे. उकळते पाणी पातेल्यातील प्रत्येक शितापर्यंत सारखेच पोचलेले असते. मायक्रोवेव्हमधून काढलेल्या ताटात ती लागू पडत नाही. एक शीत कढत लागले म्हणून चार बोटांवरचे शीत कोमट नसेल याची शाश्वती देता येत नाही.

जुनो येथील वनभोजन

या विषमतेचा परिणाम काय होऊ शकतो याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेच्या अलास्का राज्यातील जुनो या शहरात १९९२ साली घडले. तेथील एका सामुदायिक वनभोजनात भाजलेले डुकराचे मांस वाढण्यात आले होते व त्यात साल्मोनेला जातीच्या जंतूंचा शिरकाव झाला होता. उरलेले मांस अनेकांनी घरी नेले. त्यांपैकी २० जणांनी ते पुन्हा गरम करून खाल्ले. १० जणांनी मायक्रोवेव्ह वापरला. ते दहाही आजारी पडले. उरलेल्या १० जणांनी साधी भट्टी किंवा तवा वापरला. त्यांच्यापैकी एकासही बाधा झाली नाही. मांस एकच, जंतूही तेच. फरक केवळ उष्णता पोचविण्याच्या रीतीचा होता. पुढे २००७ मध्ये गोठवलेल्या तयार खाद्यपदार्थांतून अमेरिकेच्या ४१ राज्यांत ४०१ जणांना साल्मोनेलाची बाधा झाली, तेव्हाही मायक्रोवेव्हमध्ये अपुरे शिजणे हे चौकशीत पुढे आलेले एक महत्त्वाचे कारण होते.

यावरून मायक्रोवेव्ह हे उपकरणच घातक आहे, असा निष्कर्ष काढणे रास्त ठरणार नाही. पाहिजे तेवढे तापमान अन्नाच्या प्रत्येक भागात गाठले गेले, तर त्यातही जंतू मरतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार अन्न सर्वत्र किमान ७० अंश सेल्सिअस तापमानास पोचले पाहिजे; अमेरिकेच्या कृषी विभागाने पुन्हा गरम करावयाच्या अन्नासाठी ७४ अंशांची मर्यादा घातली आहे. प्रश्न ‘सर्वत्र’ या शब्दाचा आहे, आणि झाकणाचे काम तेथेच सुरू होते.

वाफेचा हिशेब

शालेय पाठ्यपुस्तकात अप्रकट उष्मा या नावाने जो धडा असतो, त्याचा स्वयंपाकघराशी असलेला संबंध शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावा असा आहे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक कॅलरी उष्णता लागते. मात्र उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी खर्ची पडतात. उघड्या वाडग्यातील आमटी गरम करताना दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम पाणी वाफ होऊन निघून गेले असे समजू. त्या वाफेबरोबर १६,२०० कॅलरी गेल्या. एवढ्या उष्णतेत पाव लिटर पाण्याचे तापमान सुमारे ६५ अंशांनी वाढले असते. ८०० वॅट शक्ती अन्नास देणाऱ्या भट्टीचे हे जवळजवळ दीड मिनिटाचे काम होय. आणि डबा गरम करण्यास एकंदर दिले जातात दोन मिनिटे!

झाकण असले म्हणजे ही वाफ आतच कोंडली जाते आणि अन्नावरील गार हवेची जागा घेते. अन्नाचा जो भाग लहरींच्या तडाख्यातून सुटून थंड राहिलेला असतो, त्याच्याशी वाफेचा संपर्क येताच तिचे पाणी होते व ग्रॅममागे ५४० कॅलरी ती त्या थंड जागेस देऊन टाकते. जेथे उष्णता कमी तेथेच वाफ अधिक निवते, अधिक उष्णता देते. मोदकपात्रातील मोदक किंवा कोकणातील हळदीच्या पानातले पातोळे सगळीकडून सारखे उकडले जातात ते याच गुणामुळे. शिवाय कोरड्या उष्णतेपेक्षा दमट उष्णतेत जंतू लवकर नष्ट होतात. अन्नाचा पृष्ठभाग सुकत नाही, म्हणून भाताचे शीत मऊ राहते, हा लाभ चवीचा. पालेभाजी अगदी थोड्या पाण्यात, झाकून शिजविल्यास पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही ओतून दिलेल्या पाण्याबरोबर वाया जात नाहीत.

तरीही झाकण एकट्याने पुरे पडत नाही. अर्धा वेळ झाल्यावर अन्न ढवळावे लागते. जे ढवळता येत नाही ते ताटाच्या मध्यभागी ढीग न करता कडेने मांडावे व मध्ये जागा मोकळी सोडावी. भट्टी थांबल्यावर झाकण न काढता दोन-तीन मिनिटे तसेच राहू द्यावे. या अवधीत तापलेल्या भागाकडून थंड भागाकडे उष्णता वाहत राहते. आपल्याकडे भात उतरविल्यावर ‘वाफ मुरू देणे’ म्हणतात, ते हेच. घाईच्या वेळी नेमकी हीच दोन-तीन मिनिटे कापली जातात.

झाकण कशाचे, आणि किती घट्ट

महाराष्ट्रातील डबा प्रायः स्टीलचा असतो. तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाही, हे सर्वश्रुत आहे. कारण मात्र ठिणग्यांपुरतेच सांगितले जाते. धातू या लहरी परतवून लावतो. धातूच्या बंद डब्यातील अन्नापर्यंत लहरी पोचणारच नाहीत व ते तापणारही नाही. पातळ वर्खाच्या किंवा कडांच्या टोकांवर मात्र ठिणग्या उडू शकतात. म्हणून सोनेरी कडेची चिनी मातीची बशीदेखील वर्ज्य समजावी.

उष्णतारोधक काचेचे झाकण सर्वांत सोयीचे. ते नसल्यास साध्या चिनी मातीची बशी वाडग्यावर पालथी घातली तरी काम भागते. बाजारात घुमटाच्या आकाराची, वर बारीक छिद्रे असलेली प्लॅस्टिकची झाकणे मिळतात. त्यांवर मायक्रोवेव्हसाठी योग्य असल्याची खूण आहे की नाही हे पाहून घ्यावे. श्रीखंडाचे, दह्याचे किंवा आइसक्रीमचे रिकामे डबे धुऊन पुन्हा वापरण्याची आपली काटकसर अन्य ठिकाणी प्रशंसनीय असली तरी येथे ती नको. हे डबे थंड पदार्थांसाठी बनविलेले असतात. उष्णतेने ते वाकतात आणि त्यांतील रासायनिक द्रव्ये, विशेषतः तेलकट पदार्थांत, उतरण्याचा संभव असतो. मेलामाइनच्या ताटल्यांचीही हीच कथा. प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा ताणून लावावयाचा झाल्यास तो या कामासाठीच बनविलेला असावा, अन्नास टेकू देऊ नये आणि त्याचा एक कोपरा दुमडून वाफेस वाट ठेवावी.

वर्तमानपत्राचा कागद झाकण म्हणून वापरणे सर्वथैव अयोग्य आहे. छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात मिसळतात. अन्नपदार्थ साठविण्यास किंवा गुंडाळण्यास वर्तमानपत्र वापरण्यावर भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक विनियमांनी बंदीच घातलेली आहे. वडापाव आणि भजी यांच्या बाबतीत हा नियम किती पाळला जातो, हे गावातील आठवडे बाजारात चक्कर मारणाऱ्यास सांगावयास नको.

झाकण घट्ट मात्र नसावे. प्रेशर कुकर वाफ कोंडूनच शिजवितो, परंतु त्यास जाड भांडे, शिट्टी आणि सुरक्षा झडप असते. फिरकीचे झाकण लावलेल्या बरणीस यांतील काहीच नसते. आतील दाब वाढत जाऊन ती फुटते. वाफेला बाहेर पडावयास बारीकशी फट हवी, एवढाच त्याचा अर्थ. बटाट्याची किंवा भरताच्या वांग्याची साल हेही एक बंद झाकणच होय. त्यास काट्याने चार-सहा ठिकाणी टोचे मारावेत. कवचासह अंडे तर ठेवूच नये. भात या भट्टीत शिजवावयाचा असल्यास खोल भांडे घ्यावे व झाकण थोडे कलते ठेवावे, नाहीतर फेस उतू जातो.

काही पदार्थांस झाकण अपायकारक ठरते. पापड, शेंगदाणे, रवा, खोबऱ्याचा कीस यांतून ओलावा काढून टाकावयाचा असतो. ते उघडेच ठेवले पाहिजेत. पोळीची आणि भाकरीची गोष्ट मधली. त्यांच्याजवळ सोडण्याजोगे पाणी थोडे, आणि तेच निघून गेले की त्या वातड होतात. स्वच्छ ओलसर सुती फडक्यात गुंडाळून त्यांना काही सेकंदच भट्टीत ठेवणे पुरेसे असते.

झाकणाच्या आवाक्याबाहेरचे

झाकण ठेवले, ढवळले, अन्न कढत झाले, म्हणजे ते निर्धोक झाले, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. ती दूर होणे अत्यंत आवश्यक आहे. रात्रीचा उरलेला भात ओट्यावर तसाच ठेवून सकाळी त्याचा फोडणीचा भात करण्याची पद्धत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. भात शिजताना ते मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की त्यांतून जंतू उगवतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. उलट्या घडविणारे हे विष १२१ अंश तापमानातही टिकून राहते. मग सकाळी कढईतली खमंग फोडणी असो वा मायक्रोवेव्हमधील वाफ, विषापुढे दोन्ही निरुपाय. स्टॅफिलोकॉकस या जंतूंच्या विषाचेही असेच आहे. उपाय गरम करण्यात नसून वेळेवर थंड करण्यात आहे. शिजविलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक काळ राहू देऊ नये. उरलेला भात खोल पातेल्यात न ठेवता पसरट ताटात पसरावा, लवकर निववावा व शीतकपाटात ठेवावा. ज्या घरी शीतकपाट नाही, तेथे मोजकाच भात शिजविणे हाच मार्ग उरतो.

शाळांतील मध्यान्ह भोजनाच्या बाबतीत वाटप करण्यापूर्वी शिक्षकाने अन्नाची चव पाहावी असा दंडक आहे. तो उपयुक्त आहेच. परंतु वरील विषास चव नसते आणि वासही नसतो, हे चव पाहणाऱ्याने जाणून असावे. चव घेण्याबरोबरच अन्न केव्हा शिजून उतरले, याची विचारणा झाली तर ती अधिक फलदायी ठरेल.

ग्रामीण भागात आणखी एक अडचण संभवते. भट्टी सुरू असताना वीज गेली, की अन्न अर्धवट तापलेले राहते. हे तापमान जंतूंच्या वाढीस अत्यंत अनुकूल असते. वीज येण्याची वाट पाहत असे अन्न दुपारभर भट्टीतच ठेवून देणे धोक्याचे आहे. ते ताबडतोब दुसऱ्या शेगडीवर पुरते गरम करून संपवावे. तान्ह्या मुलाच्या दुधाची बाटली तर या भट्टीत तापवूच नये. बाटली हातास कोमट लागते, पण आतील दुधात एखादा भाग भाजण्याइतका कढत असू शकतो.

झाकण काढताना

झाकणाखाली कोंडलेली वाफ थंड अन्नास जी उष्णता देते, तीच ती हातासही देते. वाफेने होणारी भाजणी उकळत्या पाण्याहून अधिक तीव्र होण्याचे कारण हेच. झाकण उचलताना प्रथम आपल्यापासून दूरची कड उचलावी. म्हणजे वाफ तोंडावर न येता पलीकडे निघून जाते. मुलांकडे हे काम सोपवू नये. भट्टी उंचावर ठेवलेली असल्यास वाफ नेमकी त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर येते. भाजलेच, तर तो भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. हळद, शाई किंवा दंतमंजन लावू नये, बर्फही चोळू नये. फोड मोठा असल्यास किंवा चेहरा भाजला असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.